कुत्र्याला फिरवता फिरवता थंडीतले पक्षी: नाशिकच्या कॅनॉलवरून

दिवाळीनंतर नाशिकमध्ये पहाटे शाल अंगाबाहेर काढवेनाशी झाली की पक्षी बघणाऱ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, नांदूरमध्यमेश्वर. ते रास्तच आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधाऱ्यामागे पसरलेलं हे पाणी १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० च्या जानेवारीत त्याचं नाव जाहीर झालं. तिथे जायलाच हवं. पण वर्षातून एका रविवारी तिथली हजारो बदकं बघून येणाऱ्यापेक्षा रोज एकाच वाटेवर मोजके पक्षी बघणाऱ्याला स्थलांतर जास्त कळतं, असं माझं ठाम मत आहे. आणि थंडी असो, कंटाळा असो, रोज त्याच वाटेवर न्यायला लावणारा प्राणी ज्यांच्या घरात आहे, त्यांना ही संधी आयतीच मिळालेली आहे.

माझी वाट मखमलाबादच्या बाजूची, गंगापूर धरणाच्या डाव्या कॅनॉलच्या कडेने जाणारी. एका अंगाला द्राक्षबागा, दुसऱ्या अंगाला गवत माजलेले मोकळे प्लॉट. सोबत भुरी, आमची गावठी कुत्री. तुमची वाट सोमेश्वरकडची असेल, नासर्डीच्या काठची असेल, पाथर्डीच्या पुढची असेल. थोडं पाणी, थोडं गवत, एखादी बाभूळ आणि सकाळचं ऊन एवढं असलं की पुरे.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवली की बाकीचं आपोआप उलगडत जातं. थंडीतला पक्षी दिवसभर एकच काम करत असतो: पोट भरायचं आणि अंगातली ताकद राखायची. या दिवसांत त्याला घरटं बांधायचं नसतं, जोडीदार शोधायचा नसतो, पिल्लं वाढवायची नसतात. तो इथे का आला, कुठे बसतो, किती वाजता दिसतो, गात का नाही आणि कुत्रा दिसला की का उडतो, या सगळ्याची उत्तरं तिथेच आहेत.

थंडीमुळे नाही, उपासमारीमुळे

उत्तरेत थंडी पडते म्हणून पक्षी दक्षिणेत येतात, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. पिसं ही फार चांगली ऊब देणारी गोष्ट आहे, आणि दाणे टिपणारे कितीतरी छोटे पक्षी बर्फातही तिथेच राहतात. जावं लागतं ते किडे खाणाऱ्यांना, कारण हिवाळ्यात किडे दिसेनासे होतात. जावं लागतं ते बदकांना, कारण तळी गोठतात आणि गोठलेल्या पाण्यातून चोचीला काही मिळत नाही. म्हणून आपल्याकडे उतरणाऱ्यांची यादी काढली तर दोन मोठे गट दिसतात: किडे टिपणारे छोटे पक्षी, आणि पाण्यातले व चिखलातले पक्षी.

आता नाशिककडे त्यांच्या बाजूने बघा. पावसाळा नुकताच संपलेला. ओढ्यांना पाणी आहे, धरण भरलेलं आहे, गवतात नाकतोडे आहेत, शेतात रब्बीची ओल आहे. निफाडकडे पारा खूपच खाली गेला आणि द्राक्षवाल्यांना बागेत शेकोट्या पेटवाव्या लागल्या, तरी कॅनॉलचं पाणी काही गोठत नाही. सायबेरियातून आलेल्या पक्ष्याच्या दृष्टीने हा सुकाळ आहे.

मग तो परत तरी का जातो? कारण उत्तरेच्या उन्हाळ्यात दिवस सोळा-अठरा तासांचा, काही ठिकाणी त्याहून मोठा असतो, आणि त्या अवधीत किड्यांचा नुसता लोट येतो. पिल्लांना भरवायला तेवढा वेळ आणि तेवढं अन्न इथे मे महिन्याच्या फुफाट्यात मिळणार नाही.

यातली सगळ्यात विलक्षण बाब म्हणजे हे पक्षी उपासमार सुरू व्हायच्या आधीच निघतात. ऑगस्टमध्ये तिकडे खायला भरपूर असतं, तरी तयारी सुरू होते. इशारा मिळतो तो दिवस लहान होत जाण्यातून. हवामान एखाद्या वर्षी फसवेल, पण दिवसाची लांबी कधीच फसवत नाही. दिवस आखूड होऊ लागला की शरीरातली संप्रेरकं बदलतात, पक्षी अधाशासारखा खाऊ लागतो, कातडीखाली चरबी साठते. लांबचा पल्ला गाठणाऱ्या काही छोट्या पक्ष्यांचं वजन निघताना जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. पिंजऱ्यात ठेवलेले स्थलांतरी पक्षीसुद्धा त्या दिवसांत रात्री अस्वस्थ होतात आणि जायच्या दिशेकडे तोंड करून फडफडतात.

रात्री, कारण बहुतेक छोटे पक्षी रात्रीच उडतात. हवा थंड आणि शांत असते, शिकारी पक्षी झोपलेले असतात, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. दिशेसाठी ताऱ्यांचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा उपयोग होतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. मला मात्र त्या सगळ्यांत पर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाचा प्रयोग सर्वांत जवळचा वाटतो. १९५० च्या दशकात त्यांनी हेगजवळ वाटेवरच्या अकरा हजारांहून जास्त मैनावर्गीय पक्ष्यांना पकडून पायात वाळे घातले आणि विमानाने स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडलं. हे पक्षी मुळात उत्तर फ्रान्स आणि इंग्लंडकडे निघालेले. ज्यांनी आधी हा प्रवास केला होता ते मोठे पक्षी वळले आणि नेहमीच्या जागेकडे गेले. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं मात्र मूळच्याच दिशेने तेवढंच अंतर उडाली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनमध्ये पोचली. म्हणजे ‘या दिशेला, इतका वेळ’ एवढी सूचना जन्मतःच असते. ‘अमुक जागा’ ही पुढे अनुभवाने कळते.

हे वाचल्यापासून कॅनॉलवरच्या छोट्या पक्ष्यांकडे बघायची माझी नजर बदलली. ऑक्टोबरात इथे पोचलेल्या वटवट्यांपैकी, म्हणजे झुडपांत किडे टिपणाऱ्या इवल्या पक्ष्यांपैकी, कित्येकांचा तो पहिलाच प्रवास असतो. आईबाप सोबत नसताना, रात्रीच्या अंधारात, दहा-बारा ग्रॅमचं अंग घेऊन ते आलेले असतात. आणि एकदा जागा मानवली की तोच पक्षी पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी परतल्याचं वाळे घालून केलेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

काही तर इथेच जास्त राहतात. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियात टोळांच्या जिवावर झटपट पिल्लं वाढवतात आणि ऑगस्टपर्यंत आपल्याकडे परततातही. मुक्काम हलतो तो थेट एप्रिलमध्ये. आमच्या वाटेवरच्या बागेचे आण्णा सांगतात, ‘‘ताई, इथं ज्वारी होती तेव्हा आम्ही माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचो. भोरडी पडली की कणसं साफ.’’ आता ज्वारी गेली, द्राक्षं आली, तरी भोरड्यांचे थवे फेब्रुवारीत पांगारा आणि काटेसावरीवर हमखास उतरतात.

शेपटी बघा

एका हातात पट्टा असताना दुर्बीण सांभाळणं जमत नाही. त्यातून थंडीतले पक्षी विणीच्या रंगात नसतात. पुस्तकात लालभडक गळा दाखवलेला असतो आणि समोर मातकट रंगाचं काहीतरी बसलेलं असतं. नवशिक्याचा विरस होतो तो इथेच. म्हणून मी कोणालाही पहिल्यांदा हेच सांगते: रंग राहू द्या, शेपटी कशी हलते ते बघा. ती वीस पावलांवरूनही दिसते.

शेपटी सतत वरखाली आपटत जमिनीवर तुरुतुरु चालत असेल तर धोबी. याला परीटही म्हणतात. करडी पाठ, पांढरा चेहरा आणि छातीवर काळा पट्टा असेल तर पांढरा धोबी. वजन साधारण वीस ग्रॅम, येतो हिमालयापासून सायबेरियापर्यंतच्या पट्ट्यातून. पोट पिवळं, शेपटी आणखी लांब आणि बसलेला वाहत्या पाण्यातल्या दगडावर, तर करडा धोबी. पाहुण्या धोब्यांत तो सगळ्यांच्या आधी, पावसाळा सरता सरताच हजर होतो. मात्र घाटावर वर्षभर दिसणारा मोठा, काळ्या पाठीचा, ठळक पांढऱ्या भुवईचा धोबी इथलाच रहिवासी. तो कुठेही जात नाही.

शेपटी आपटत नाही, तर थरथरते? मग थिरथिरा. बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, कुंपणाच्या खांबावर, पडक्या भिंतीवर एकटाच बसतो. नर काळपट, मादी मातकट, पण दोघांच्याही शेपटीत विटकरी रंग असतो आणि थरथरली की तो चमकतो. थोडा वेळ उभं राहिलात तर त्याची पद्धत कळते: खांबावरून जमिनीवर झेप, एक किडा, पुन्हा त्याच खांबावर. याच सवयीमुळे तो रोज त्याच जागी सापडतो.

शेपटी पाठीवर उभी करून झुडपाच्या सावलीत बसणारा, मधूनच ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज काढणारा इवलासा पक्षी म्हणजे लाल छातीचा माशीमार. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके असतात. लाल छाती पूर्ण वाढलेल्या नरालाच. हा पूर्व युरोपातून येतो, दहा ग्रॅमच्या आसपासचा.

पाण्याच्या कडेला चालताना मागचा भाग सारखा हेलकावत राहणारी ती तुतवार. गवताच्या उंच काडीच्या अगदी टोकाला बसून शेपटीला झटके देणारा गप्पीदास. तारेवर ओळीने बसलेल्या, दुभंगलेल्या शेपटीच्या भिंगऱ्या.

आणि काही पक्षी दिसतच नाहीत, नुसते ऐकू येतात. बाभळीतून, घाणेरीच्या जाळीतून ‘चक्‌… चक्‌’ असा दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज आला तर तो बहुधा ब्लिथचा वटवट्या. फिनलंडपासून सायबेरियापर्यंत याची वीण होते. युरोपातले कितीतरी वटवट्ये हिवाळ्यात आफ्रिका गाठतात, हा मात्र भारतीय उपखंडाकडे वळतो. तुमच्या गल्लीतल्या जाळीत चकचकणारा पक्षी फिनलंडच्या झुडपात जन्मलेला असू शकतो.

थंडीत हे पक्षी असे तुटक आवाज काढतात, गात नाहीत. गाणं असतं जोडीदारासाठी आणि घरट्याच्या हद्दीसाठी. लहान दिवसांत प्रजननाची इंद्रियंही आक्रसलेली असतात, त्यामुळे गाण्यावर ताकद खर्च करण्याचं कारणच उरत नाही. मार्चमध्ये दिवस मोठा होऊ लागला की तुटक आवाजांत मधूनच सूर मिसळू लागतात, धोब्याच्या छातीवरचा काळा रंग वाढू लागतो. रोज बघणाऱ्याला हा बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो. एकदाच जाणाऱ्याला तो दिसणं शक्य नाही.

किती वाजता, कुठे

पक्षी बघायचे तर झुंजुमुंजू व्हायला हवं, असा समज आहे. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत तो फारसा खरा नाही. छोटा पक्षी रात्रभर ऊब टिकवताना साठवलेली चरबी जाळतो, एका थंड रात्रीत त्याचं वजन काही टक्क्यांनी, कधी दहा टक्क्यांपर्यंत उतरतं. उठल्याबरोबर त्याला खायला हवंच असतं. पण किडेही गारठलेले असतात, आणि ते हलायला लागतात ऊन पडल्यावर. सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्यानंतर ज्या बांधावर, ज्या भिंतीवर, ज्या झाडाच्या शेंड्यावर पहिलं ऊन येतं तिथे आधी किडे आणि मागोमाग पक्षी गोळा होतात. आमच्या कॅनॉलचा पूर्वेकडे तोंड असलेला उतार साडेसात ते नऊ या वेळात गजबजलेला असतो. समोरचा सावलीतला उतार तेव्हा जवळजवळ रिकामा.

शिकारी पक्षी त्याहून उशिरा. जमीन तापून हवा वर चढू लागली की घारी, आणि माळरानाकडे गेलात तर गवताच्या अगदी लगत तरंगत जाणारे भोवत्ये दिसतात. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला छोटा शिकारी दिसला तर ती खरुची.

मोठं पाणी जवळ असेल तर बदकांसाठी वेगळा वेळ काढा. गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर चक्रवाकांच्या जोड्या लांबूनही त्यांच्या केशरी रंगामुळे ओळखू येतात. पट्टकादंब हंस आपल्याकडे येतो तो तिबेट, मंगोलियाकडच्या सरोवरांवरून. हिमालय ओलांडताना हे पक्षी सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याची नोंद त्यांच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी केलेली आहे. तिथल्या विरळ हवेतून प्राणवायू पकडून ठेवणारं हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात असतं. मात्र बदकं बघायला नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात जाताना कुत्र्याला घरीच ठेवा.

पट्टा आखूड का हवा

हा भाग कुत्रा पाळणाऱ्यांना आवडत नाही, तरी तो सांगायलाच हवा. तुमचा कुत्रा कितीही प्रेमळ असू दे, पक्ष्याला तो लांडग्या-कोल्ह्याचा भाऊबंदच वाटतो. २००७ मध्ये सिडनीजवळच्या जंगलवाटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्ट्याने बांधलेले कुत्रे नुसते फिरवून आणले तरी तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्षी ४१ टक्क्यांनी घटले. कुत्र्याशिवाय माणसं गेली तेव्हा परिणाम त्याच्या निम्म्याहून कमी होता. जिथे रोज कुत्रे येतात त्या वाटांवरचे पक्षीही सरावलेले नव्हते. जास्त फटका बसला तो जमिनीवर चरणाऱ्यांना.

एकदा उडाल्याने पक्षी मरत नाही. पण सकाळच्या त्या दोन तासांत त्याला रात्रीची तूट भरून काढायची असते. आधी भुरी, मग शेजाऱ्यांचा लॅब्रेडोर, मग भटक्यांची टोळी असं प्रत्येक वेळी उडावं लागलं, तर खाण्याचा वेळही जातो आणि ताकदही. मार्चनंतर परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायची असते, तेव्हा तर हे आणखी महागात पडतं.

म्हणून पट्टा आखूड ठेवा, लांबत जाणारा नको. कुत्र्याला पाण्याच्या काठच्या गवतात घुसू देऊ नका, वाटेवरूनच चालवा. आणि तो जिथे वास घेत थांबतो तिथे त्याला भरपूर थांबू द्या. हुंगण्याने कुत्र्याचं मनही भागतं, आणि आपण दोन-तीन मिनिटं निश्चल उभे राहिलो की दबलेले पक्षी पुन्हा बाहेर येतात. भुरी एखाद्या खांबाशी रमते तेवढ्यात मी थिरथिऱ्याच्या चार झेपा बघून घेते.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर जे थेंब टाकतो, त्यातल्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. दोन्ही जहाल कीटकनाशकं. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या पाण्याच्या नमुन्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल सापडलं. पाण्यातले किडे मेले तर धोब्याने खायचं काय? औषध बंद करा असं मी म्हणणार नाही, गोचीडताप काय असतो ते कुत्रा पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण थेंब टाकल्यावर कुत्र्याला कॅनॉलमध्ये किंवा नदीत डुंबू देऊ नका, विंचरून निघालेले केस बाहेर झुडपात टाकू नका, आणि कोणतं औषध किती अंतराने द्यायचं ते आपल्या पशुवैद्यांना विचारा.

माजलेलं गवत

तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून नाशिककर रस्त्यावर उतरले याचा मला अभिमान वाटतो. पण झाडाला जे प्रेम मिळतं ते गवताला मिळत नाही, याचं वाईट वाटतं. वर सांगितलेल्या पक्ष्यांपैकी निम्मे तरी झाडावर नाही, तर गवतात, घाणेरीत, ओढ्याच्या काठच्या चिखलात आणि बाभळीच्या काट्यांत जगतात. नेमकी हीच जागा आपल्याला घाण वाटते. सुशोभीकरण म्हटलं की आधी जेसीबी फिरतो, काठ दगडाने बांधला जातो, हिरवळ लावून त्यावर कीटकनाशक फवारलं जातं. दिसायला छान होतं, आणि थिरथिरा, गप्पीदास, वटवट्या यांच्यापुरती ती जागा संपते. तुमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेचा एक कोपरा तरी थंडीभर न कापता ठेवावा, म्हणून सोसायटीच्या बैठकीत जरूर बोला.

बोलायचं तर हाताशी नोंदी हव्यात. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. सुरुवात तेव्हा करा. ई-बर्ड हे मोफत ॲप घ्या. फेरी सुरू करताना यादी सुरू करायची, दिसलेला प्रत्येक पक्षी आणि त्याची संख्या टाकायची, कावळा-साळुंकीसुद्धा, आणि घरी आलं की बंद करायची. चाललेलं अंतर आणि वेळ ॲपच मोजतं. फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजतात, त्यात किमान पंधरा मिनिटांची नोंद लागते. कुत्र्याची एक फेरी त्याहून मोठीच होते. नाव कळलं नाही तर अंदाजाने ठोकून देऊ नका. ‘वटवट्या, जात कळली नाही’ अशी नोंदही तिथे चालते, आणि चुकीच्या नावापेक्षा ती केव्हाही जास्त उपयोगाची असते.